सहासष्ट मांड्यांचा माळ

सावरखोल गावाच्या डोक्यावर सटवाईचा माळ आहे. घाटरस्ता सोडून गाडीवाटेने अर्धा तास चढलं की आधी झऱ्याचा आवाज येतो, मग देवीचं बुटकं देऊळ दिसतं आणि देवळासमोर अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसक्या दगडांची एक लांबच लांब ओळ. दगड पाटाएवढे, माणसं बसून बसून गुळगुळीत झालेले. नवखा माणूस ते मोजतोच. सहासष्ट भरतात. गाव मात्र पहिल्यापासून साठ उंबऱ्यांचं. मग वरचे सहा दगड कुणाचे, असं विचारलं की देवीचे पुजारी केरबा गुरव पाहुण्याला आधी खाली बसवतात, झऱ्याचं पाणी पाजतात आणि मगच तोंड उघडतात. ही गोष्ट उभ्याउभ्या ऐकायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

माघात इथे जत्रा भरते. सासरी गेलेल्या लेकी तान्ही मुलं घेऊन येतात आणि देवीपुढे त्यांचं जावळ काढतात. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर हवं, ही रीत साऱ्या मुलखाची आहे. सावरखोलात मात्र एका मामावर भागत नाही. दर उंबऱ्याचा एक गडी धुतलेलं धोतर नेसून आपापल्या दगडावर मांडी घालून बसतो आणि मूल पहिल्या मांडीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, असं ओळीने पुढे सरकतं. न्हावी गुडघ्यांवर सरकत एका मांडीवर एकच बट कापतो. शेवटची मांडी येईपर्यंत मुलाचं डोकं आणि न्हाव्याचे गुडघे एकदमच साफ होतात, असं केरबा म्हणतात.

आणि याच गावात, असे सांगतात, एके काळी एकसुद्धा मामा नव्हता.

काका होते, आजे होते, थोरले-धाकले चुलते तर पायलीला पन्नास होते. पण मामा व्हायला बहीण लागते आणि बहीण ही वस्तूच गावात उरली नव्हती. शंभर वर्षांत सावरखोलच्या कुठल्याही घरात मुलगी जन्मली नव्हती.

याचं मूळ गोमाजी पाटलाच्या नवसात आहे म्हणे. गोमाजीला पाच मुली. पाचही त्याने चांगल्या घरी दिल्या आणि पाचवीची पाठवणी झाल्यावर घरी येऊन बसला तो कुरकुरत. पाच घरं उजळली आणि माझ्या नांगराला हात नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. शेवटी तो माळावर आला आणि सटवाईपुढे नऊ दिवस उपाशी बसला. सटवाई म्हणजे पाचवीला येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिणारी देवता. तिच्याकडे मागायचं तर नेमकं मागावं. गोमाजीने मागितलं, “आई, माझ्या गावाला लेक दे. उंबऱ्या-उंबऱ्याला लेक दे.”

नवव्या दिवशी देवळामागचा कोरडा कातळ फुटला आणि पाण्याची धार लागली. देवी बोलली, “दिला. हे पाणी माझ्या शब्दाची खूण. तुमचा शब्द फिरला, तर हेही फिरेल.”

गोमाजी नाचतच खाली उतरला. त्या सालापासून सावरखोलात जो पाळणा हलला तो मुलाचाच. पहिली काही वर्षं गावाने गूळ वाटला. पुढे पुढे वाटायला नुसता गूळ उरला, घ्यायला कौतुक उरलं नाही. तालमीत माती कमी पडू लागली. डोंगरउतारावर बांध घालून ताली पडल्या, विहिरी खणून झाल्या, कामाला हात इतके झाले की कुदळीसाठी भांडणं होत. सुना बाहेरून येत. भाऊबीजेला मात्र गावभर सामसूम असे. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, पण बहीण नसलेल्या गड्याने काय करावं हे कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही. म्हणून सावरखोलचे गडी त्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहत.

बोलणंसुद्धा बदलून गेलं. ‘लेक’ या शब्दाला आपल्याकडे दोन्ही अंगं आहेत, तो लेक आणि ती लेक. सावरखोलात एकच अंग राहिलं. लेक झाला, लेक रांगला, लेक मोठा झाला. लेकीबद्दल बोलायची वेळच येत नसल्यामुळे, वापर नसलेली पायवाट जशी गवतात जाते तसं ते दुसरं अंग गावाच्या तोंडातून गेलं. सासुरवाशिणी माहेराहून येताना हा शब्द घेऊन येत असणार, पण तो बोलायला त्यांना कुणी मुलगीच दिली नाही.

अखेर शेजारच्या गावांचाही संयम सुटला. तळकोंडच्या पंचांनी निरोप धाडला. दरसाल आमच्या मुली नेता, आजवर एक तरी दिलीत का? ज्या गावाला द्यायचं ठाऊक नाही, त्याने घ्यायला येऊ नये. बाकीच्या गावांनी माना डोलावल्या आणि सावरखोलात चाळीस घोडनवरे घरी बसले. त्यांच्यात भाकरी भाजता सगळ्यांना येई, थापता कुणालाच येत नसे, असं सांगतात. हे केरबांनी थोडं वाढवलेलं असावं.

या चाळिसांतला एक हैबती. ठकाईच्या सात मुलांमधला थोरला, बाविशीचा, देवळापुढची शेंदरी गोटी, ताकद आजमावायचा तो गोल धोंडा, छातीपर्यंत उचलणारा. अंगाने आडदांड आणि स्वभावाने इतका मऊ की त्याच्या म्हशीसुद्धा त्याला मान देत नसत.

एकदा हा हैबती बैल बघायला तळकोंडच्या जत्रेत गेला. गर्दीत कुणीतरी त्याचं बोट धरलं. खाली पाहिलं तर चार वर्षांचं एक पोर, नाकाला शेंबूड, तोंडाला रेवडी. ते म्हणालं, “मामा, मला बैलं दिसंनात.”

मुलांची ही सवयच असते. अनोळखी गडी दिसला की तो मामा. पण हैबतीला जन्मात पहिल्यांदा कुणी मामा म्हटलं होतं. त्याने पोराला खांद्यावर घेतलं. बैल दाखवले, कुस्ती दाखवली, पाळणा दाखवला. जितक्या वेळा पोर मामा म्हणे, तितक्या वेळा हा उगाच “ओ” देई. उन्हं कलली तेव्हा पोराची आई आणि तिचा भाऊ शोधत आले. खरा मामा दिसल्याबरोबर पोराने दोन्ही हात पसरले आणि हैबतीच्या खांद्यावरून उडी टाकून त्याच्याकडे गेलं. जाताना त्याने वळूनही पाहिलं नाही. घाट चढून घरी येईपर्यंत हैबतीचा खांदा मोकळा होता आणि त्या मोकळ्या खांद्याचंच त्याला ओझं झालं.

घरी ठकाई चुलीपुढे होती. त्याने बैलांचं काही सांगितलं नाही. “आये,” तो म्हणाला, “मला मामा व्हायचंय.”

ठकाई हसली. “त्याला तुला काय बी कराय लागत न्हाई, लेका. कराय लागतं ते मला.”

आणि खरोखरच तिला आठव्या खेपेचा पाचवा महिना चालू होता. हसता हसता ती गप्प झाली. “म्या सात येळा वाट बघितली,” ती म्हणाली. “सात लेक सोन्यासारखं. कुनाला नाव ठेवाय जागा न्हाई. पर माझ्यासंगं दळाय बसंल, माझ्या मनातलं मी न सांगता वळखंल, अशी एक पोर हवी हुती मला. ह्या गावात वाट बघून काय उपेग?”

आईला असं काही हवं असेल, हे बावीस वर्षांत हैबतीच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तडक चावडीवर गेला.

तेव्हाचे पाटील भानजी, गोमाजीचे नातू, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी हैबतीचं म्हणणं पुरं ऐकून घेतलं. म्हणाले, “पोरा, तुझं दुक खोटं न्हाई. पर आज्याचा शबुद हाय. शबुद फिरला तर पानी फिरलं. तुझ्या एका भनीपायी साठ घरं तान्हेनं मारू व्हय?”

माळावरचा तो झरा हेच गावाचं पाणी. खणलेल्या विहिरींनासुद्धा त्याचाच पाझर होता. हैबती मान खाली घालून घरी आला आणि आईसमोर बसून राहिला.

ठकाई भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, “तुमच्या गोमाजीनं मागताना शबुद काय वापरला?”

“लेक दे म्हनला.”

ठकाईचे हात थांबले. “एवढंच?”

“एवढंच. उंबऱ्या-उंबऱ्याला लेक दे.”

“मग त्यात फिरवायचं काय? त्योच शबुद परत म्हना की.” हैबतीला उमगेना. तेव्हा तिने पिठाचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. “मी माज्या बापाची कोन?”

“कोन?”

“लेक, येड्या. मी लेकच की. माज्या गावात मला समदी लेकच म्हनत्यात. ठकू आमची लेक.”

हैबतीने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. ती लेक. आमची लेक. जिभेला तो नवा होता, पण कानाला मुळीच परका वाटला नाही. गोमाजीने मागितलं ते शब्दाने नव्हे, मनाने. आणि देवीने दिलं ते त्याच्या मनातलं. शब्द बिचारा दोन्ही हात पसरून उभा होता, त्याच्या एकाच हातावर गावाने दान घेतलं होतं. हैबती पिठाच्या हाताच्या त्या आईला उचलून चावडीवर न्यायला निघाला होता म्हणे. तिनेच दटावलं, म्हणून एकटा धावत गेला.

भानजी पाटलांची चिलीम हातातच विझली. त्यांनी ती खाली ठेवली. मग म्हणाले, “शबुद त्योच ऱ्हातोय. फिरत न्हाई. पर देवी भोळी न्हाई हां, हैबती. पानी थांबलं तर?”

“तर तिथल्या तिथं उठू. कान धरून माफी मागू.”

सोमवारचा दिवस ठरला. दर उंबऱ्याचा एक गडी, असे साठ जण सकाळी माळावर चढले. ठकाईच्या घरातून हैबती होता. पण त्याचे सहा भाऊ घरी राहीनात. बहीण येणार तर ती आम्हा सगळ्यांची येणार, मग दादा एकट्याने का मागायची, असं त्यांचं भांडण. सगळ्यात धाकटा सात वर्षांचा होता आणि सगळ्यात मोठ्याने तोच भांडत होता. पाटलांनी हात टेकले. सहासष्ट जण झाले ते असे.

त्या वेळच्या गुरवाने देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला पांढऱ्या फुलांचा कौल लावला. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सहासष्ट गळ्यांनी एकदम मागितलं, “आई, गावाला लेक दे.”

फूल हललं नाही. पुन्हा मागितलं. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला देवळामागून येणारा पाण्याचा आवाज बारीक झाला. कुणीतरी जाऊन पाहिलं. मनगटाएवढी धार करंगळीएवढी उरली होती.

“झालं,” भानजी पाटील उठले. “उठा. चुकलो म्हना आन् चला.”

तेवढ्यात धोंडिबा नावाचा एक भाबडा गडी हात जोडून म्हणाला, “पाटील, खरं सांगू का? तोंडानं लेक म्हनलो. डोळ्याम्होरं मातर पोरगाच आला.”

शेजारचा म्हणाला, माझंही तेच झालं. त्याच्या पलीकडचा म्हणाला, माझंही. बघता बघता ओळभर हीच कबुली. एकाने तर वैतागून विचारलं, “पोरगी दिसती कशी हेच बघितलं न्हाई, तर डोळ्याम्होरं आनायची कशी?” यावर हसू आलं, पण हसले थोडेच. पाण्याची धार आणखी बारीक होत होती.

हैबती उठून ओळीपुढे आला. त्याला भाषण येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे तळकोंडची जत्रा होती आणि पिठाचा हात छातीवर ठेवणारी आई होती.

“बसा,” तो म्हणाला. “मांडी घालून बसा समदी. आता मला सांगा, मामा कुना-कुनाला हाय?”

असल्या वेळी हे काय, असं साऱ्यांना वाटलं. पण मामा तर सगळ्यांनाच होते, कारण आया सगळ्यांच्या बाहेरच्याच. कुणी म्हणालं, माझ्या मामाने मला पोहायला शिकवलं. कुणी म्हणालं, माझ्या मामाने शीळ घालायला शिकवली आणि त्यापायी बापाने बदडलं. धोंडिबाचा मामा दर सुगीला त्याला कणसं भाजून देई आणि स्वतः दाणाही खात नसे.

“आन् आपल्या गावाला जगात कुनी मामाचा गाव म्हनतं का?” हैबतीने विचारलं.

ओळभर माना आडव्या हलल्या.

“बरं. मामाकडं तुमास्नी कोन न्यायचं?”

“आई.”

“तिच्या गावाच्या शिवेवर आल्यावर ती कशी चालायची, ते आठवा.”

प्रत्येकाला आठवलं. सावरखोलात डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, दहा हाका मारल्यावर एक उत्तर देणारी आई, माहेरच्या शिवेवर पोचली की भराभर चालायला लागे. पदर खांद्यावर येई. मूल मागे राहिलं तरी तिला भान नसे. विहिरीवरच्या बायकांना ती लांबूनच हाका मारी. भानजी पाटील जाग्यावरच बसले आणि सत्तर वर्षांचा तो माणूस सगळ्यांदेखत रडू लागला.

“माजी आई चिंचंवर चढायची,” ते म्हणाले. “तिच्या म्हायेरी. मी खाली हुबा, आन् ती वरनं चिंचा टाकून हसायची. हितं तिला हसताना म्या एकदा बी बघितली न्हाई. मला वाटायचं, तिला हसायचं ठावंच न्हाई.”

“तीच लेक,” हैबती म्हणाला. “आपून समद्यांनी बघितलीया. तीच मागा.”

या खेपेला कुणी मोठ्याने बोललं नाही. ज्याने त्याने आपल्या आईला शिवेवर पाहिलं आणि हळूच म्हटलं, “आई, गावाला लेक दे.”

पाणी थांबलं. थेंबही पडेना. धाकट्या भावाने हैबतीचं धोतर गच्च धरलं. आणि मग उजव्या अंगाचं फूल टपकन देवीच्या पायाशी पडलं, देवळामागे कातळ कडाडला आणि एकीच्या जागी दोन धारा सुरू झाल्या. धोंडिबा थेट पाण्याखाली जाऊन उभा राहिला आणि धोतरासकट न्हाला. भानजी पाटील डोळे पुसत म्हणाले, “शबुद फिरला न्हाई. आमीच फिरलो.”

चार महिन्यांनी ठकाई बाळंत झाली. सुईण दाराबाहेर आली आणि तिला तोंडातून शब्दच फुटेना, कारण असं काही सांगायची तिला सवय नव्हती. शेवटी तिने दोन्ही हातांनी आपल्याच कानातल्या बुगड्या हलवून दाखवल्या. अंगणात सात भाऊ होते. सातही जण एकदम आत घुसले आणि दाराच्या चौकटीत अडकले. ती चौकट नंतर बदलावी लागली, असं सांगतात. मुलीचं नाव ठेवायला आत्या नव्हती, म्हणून देवीच्या कौलावरून पाटलांनीच ठेवलं, कौलाई. ठकाईने तिला छातीशी घेतलं आणि तिच्याशी पहिल्याच दिवसापासून अशा गप्पा सुरू केल्या, की सात मुलांशी ती एवढं कधी बोललीच नव्हती. त्या वर्षात गावात अकरा पाळणे हलले, त्यात सात मुली होत्या.

तळकोंडच्या पंचांनी येऊन पाळणा पाहिला आणि बंदी उठवली. घोडनवरे बोहल्यावर चढले. हैबतीचंही लग्न झालं. पण त्याचा जीव अडकला होता तो मामा होण्यात आणि त्याला अठरा वर्षं थांबणं भाग होतं. बहिणीला घाई कशी करायची? कौलाई त्याच्या खांद्यावर बसून वाढली. तिने त्याला विटीदांडूत हरवलं, झाडावर चढायला शिकवलं, आणि हैबती तिला अधूनमधून विचारी, “कौले, मला मामा कंदी करनार?” ती म्हणे, “रोजच करती की, दादा. तुला कळत न्हाई एवढंच.” सावरखोलात मामा बनवलं म्हणून कुणी रागावत नाही, ते तेव्हापासून.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट नांदव म्हणून बजावायचं, हा भावाचा मान. सावरखोलने हा मान शंभर वर्षं दुसऱ्यांना दिला होता आणि आपले कान मुकाट पिळून घेतले होते. सात सख्खे भाऊ आणि बाकीचं सारं गाव रांगेला लागलं. नवरदेव बिचारा पहिल्या वीस जणांपर्यंत हसत होता. पुढे त्याने पागोटं कानावर ओढलं. त्या कानाची सूज महिनाभर उतरली नाही आणि त्याने आयुष्यभर कौलाईला चढ्या आवाजात हाक मारली नाही, असं दोन्हीकडची माणसं सांगतात.

आणि मग कौलाईला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ऐन श्रावणात घाट ढासळला आणि वाट बंद झाली. महिनाभराने सासरचा निरोप्या चिखलातून वर आला. “बाळ-बाळंतीण खुशाल,” एवढं तो बोलला आणि पुढचं त्याला कुणी बोलूच दिलं नाही. हलगी वाजायला लागली. त्याला गूळ भरवला, खांद्यावर घेतला, आणि भरल्या तोंडानेच परत घाटापर्यंत पोचवून दिला.

माघात कौलाई मूल घेऊन आली. सावरखोलचं पहिलं भाचरू. जावळासाठी सारं गाव माळावर जमलं आणि मांडीवरून भांडण पेटलं. हैबती थोरला भाऊ, मान त्याचा, यात दुमत नव्हतं. पण धोंडिबा म्हणाला, “म्या काय नुसतं धोतार भिजवाय आलतो व्हय त्या दिशी?” बाकीचेही हटेनात. देवीकडे सगळ्यांनी मागितलं होतं.

भानजी पाटील तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांनी काठीने जमिनीवर एक लांब रेघ ओढली. “त्या दिवशी जसं बसला हुता, तसं बसा,” ते म्हणाले. “समद्यांच्या मांड्या लागू द्या. हैबती शेवटाला.”

सगळे बसले, हैबतीचे सहा भाऊसुद्धा. जे देवाघरी गेले होते त्यांच्या जागी त्यांची मुलं बसली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवरून मांडीवर निघालं. ज्या हातांनी ताली घातल्या होत्या, कातळ फोडले होते, ते हात बाळाच्या मानेखाली अलगद सरकत होते. कुणी त्याच्या तळव्यावर ओठ टेकवले, कुणी नुसताच वास घेतला. धोंडिबाच्या मांडीवर बाळाने पाणी सोडलं आणि तो धन्य झाल्यासारखा तसाच बसून राहिला. बट बट करत जावळ उतरलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा बाळ हैबतीच्या मांडीवर पोचलं आणि पोचताक्षणी झोपी गेलं. हैबती चाळिशीचा झाला होता. त्याने मांडी जराही हलवली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून कौलाईने पदराने पुसलं.

घाटाने चाललेला एक वंजारी झऱ्यावर पाणी प्यायला थांबला होता. हा सोहळा त्याने पहिल्या बटेपासून पाहिला होता. निघताना त्याने सहज विचारलं, “बापहो, एवढा थाट मांडलात. बाळ काय आहे, मुलगा का मुलगी?”

सहासष्ट जणांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या मांडीने दुसऱ्या मांडीकडे, दुसरीने तिसरीकडे. कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या हातांतून बाळ आलं आणि हे विचारायचं एकाच्याही मनात आलं नव्हतं. कौलाई तोंडाला पदर लावून हसत होती. भानजी पाटलांनी हैबतीकडे पाहिलं.

हैबतीने दुपट्याचं टोक उचललं नाही. झोपलेल्या बाळाच्या गुळगुळीत गोट्यावरून त्याने फक्त एक हात फिरवला.

“लेक हाय,” तो म्हणाला.

आजही सावरखोलात कुणाकडे पाळणा हलला आणि काय झालं म्हणून विचारलं, तर आतून एवढंच उत्तर येतं. लेक हाय. मग पाहुणे केरबा गुरवांना विचारतात, पण लेक म्हणजे मुलगा की मुलगी? केरबा झऱ्याच्या दोन धारांखाली तांब्या धरतात, भरेपर्यंत थांबतात आणि पाहुण्याच्या हातात देत म्हणतात, “सांगितलं की.”